देवरावभाऊचं बाळसं

देवरावभाऊ आमच्या शेजारचे. गोळीबार चौकापाठच्या कोष्ट्यायच्या गल्लीत एकटेच राहत, हातमागावर लुगडे विणत. बायको जवानीतच बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं; आता साठी उलटली होती. माणूस मोठा घुमा. आठ-आठ दिवस त्यायच्या घरातून मागाच्या खटखटीशिवाय आवाज नाही.

मी कौसल्या. फाटक्या तोंडाची, पण हाताले चव हाय. रोज दुपारी त्यायले सावजी रश्श्याची वाटी देत होती. उंबऱ्यात ठेवायची, "भाऊ, जेवून घ्या" म्हणायचं अन् पलटायचं. माह्या घरी काम का कमी होतं?

बहात्तर सालच्या दसऱ्यापासून त्यायचं तोंड भरून आलं. गाल वर आले, डोळे बारीक झाले. मी साऱ्या गल्लीत मिरवलं, "पाहा वं बायांनो, माह्या हातचं खाऊन भाऊनं बाळसं धरलं!" बाया हसल्या. भाऊही हसले. मले काय ठाऊक, माणूस सुजून राहिला म्हणून?

होळीपर्यंत पाय असे फुगले की मागाच्या पावड्या दाबता येईना. तवा मी त्यायले रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवली, तं ते पांढरी फटक झाली, सुताले लावायची खळच जशी.

डॉक्टर म्हणे, "किडनी खराब आहे. अंगातलं प्रोटीन लघवीतून वाहून चाललंय, म्हणून ही सूज. दिवाळीत आले होते तेव्हाच मीठ बंद सांगितलं होतं ना? फार उशीर केला, आजोबा."

दिवाळीत? मी तिथंच भडकली. "तोंडात जीभ नव्हती काय गा भाऊ? मी रोज मिठाचा रस्सा देऊन राहिली, अन् तुमी खाऊन राहिले! काहून नाही बोलले?"

भाऊ खाली पाहत बोलले, "एकट्या माणसासाठी अळणी कोण शिजवते, बाई? तुमी वाटीच बंद केली असती. मंग दिवसभरात माह्याशी कोण बोललं असतं?"

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी साऱ्या घराचीच भाजी अळणी केली. पोरं कुरकुरले तं दोन धपाटे देल्ले. वाटी घेऊन भाऊच्या घरचा उंबरा ओलांडून आत गेली, भाऊ जेवेपर्यंत पाट टाकून बसली, गल्लीतल्या चुगल्या सांगितल्या. त्यायले लय हसू आलं. असे सतरा दिवस भेटले. अठराव्या दिवशी भाऊ गेले. त्याआधी तीन वर्षं मी रोज वाटी देल्ली, पण एकदाही बसली नव्हती.