तुकडा हुडकायला आलेली बाई

बोरीत भंगाराच्या दुकानावर मी दिवसभर बाजेवर बसून राखण करतो. तिथं एकदाच आलेली ती बाई मला अजून दिसते. बंद कारखान्याच्या मोजायच्या यंत्रातला किरणोत्सर्गी तुकडा आमच्या भंगारात येऊन महिना झाला होता. तो हुडकायला ती आली होती.

वेणी शर्टात खोचून, किरणं मोजायचं मीटर पुढं धरून ती तीन पावलं टाकायची, थांबायची, मान वाकडी करून त्याची टिकटिक ऐकायची.

मी म्हणलं, "साप धरायला आलात का, बाई?"

"साप फुसकारतो तरी, काका. ह्याला वास नाही, आवाज नाही."

ढिगापाशी मीटर लाह्यावानी तडतडलं. माझं काळीजबी! लांब चिमट्यानं तुकडा उचलून तिनं शिशाच्या डब्यात घातला. मग टेप धरून ढिगापासून माझ्या बाजेपर्यंत मोजलं.

"वाचलात, काका! इतक्या लांब बाज कुणी टाकली?"

"बायकोनं. लोखंडाची धूळ नाकात जाती म्हणून भांडून टाकली. औंदा पोळ्याला वारली ती."

बाईनं मीटर खाली ठेवलं अन् बाजेकडं बघून हात जोडले.

मी ढसाढसा रडलो. अन् लय दिवसांनी मला कडकडून भूक लागली.