घासलेल्या बश्या

सुमन गेल्याचं पुतण्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मी परंदवडीच्या शेतात भुईमूग उपटत होते. तशाच मातीच्या हातांनी तळेगावला गेले... ती माझी नणंद. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. एकटीच राहायची. मी चौथी शिकलेली, तरी आमचं जमायचं, कारण गोड बोलणं दोघींनाही येत नव्हतं.

आमच्या बांधावरच्या कडुलिंबावर गुळवेल चढली होती. तिचे तुकडे सुमन घेऊन जायची. एकदा म्हणाली, "वहिनी, या वेलीच्या आत जंतू राहतात. चांगले. त्यातला एक असं काही तयार करतो, की जखमेतले वाईट जंतू मरतात."

"आन् ऱ्हात्यात फुकट?"

"राबतात. माझ्या भावासारखे बसून खात नाहीत."

नवरा ओसरीवरच होता. आम्ही दोघी लय हसलो.

पुढं रस्ता रुंद करताना कडुलिंब गेला, वेलही गेली. तिच्यातले जंतू तेवढे सुमनकडे उरले, काचेच्या झाकणाच्या बश्यांत वाढवलेले. कॉलेजातला फ्रीज बिघडला तेव्हा तिनं त्या तळेगावच्या आपल्या घरी आणल्या. "यांना हात लावू नका, वहिनी. जिवंत आहेत."

तेरावं झालं की घर धुवायचं, शिळंपाकं टाकायचं, सुतकातलं काही ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी तिचा फ्रीज उघडला. बश्यांत पिवळट ठिपके, कुबट वास. उकळत्या पाण्यात सोडा टाकून सगळ्या घासल्या. भावकीतल्या बायका म्हणाल्या, "काकी, काय लख्ख केल्यात!" मला बरं वाटलं. सुमनला भांडी कधी नीट घासता आली नाहीत.

मग तिच्याबरोबर काम करणाऱ्या गौरीबाई बर्फाचा डबा घेऊन आल्या. बश्या न्यायला. मी फडताळाकडे बोट दाखवलं. त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या मावशी. तुम्हाला माहीत नव्हतं."

"म्हाईत व्हतं," मी म्हणाले. "तीच न्हाई, मंग ह्ये कशाला ठेवायचं, असं वाटलं."

त्या उठल्या आणि एकेक बशी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघू लागल्या. मीही चष्मा लावून शेजारी उभी राहिले. घासल्या भांड्यावर डाग राहिलेला मला जन्मात खपला नाही. त्या दुपारी मात्र एखादा तरी सापडावा म्हणून मी बश्या उलटसुलट करत होते...

एकही सोडला नव्हता मी.