सैल काज

तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि तिचं काम माणसांना एका जागी निजवून ठेवण्याचं होतं.

"हलायचं नाही हं अजिबात," असं बजावून ती पडदा ओढायची आणि मग स्वतः हलत राहायची. दिव्याची मान इकडे वळव, कापसाची बरणी उघडून पुन्हा झाक, खिडकीपर्यंत जा, परत ये. पडद्याआड सुया टोचून घेऊन पडलेल्या माणसाला तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत राही. कंबरदुखीसाठी येणारे किराणावाले एकदा आतूनच म्हणाले, "काकू, सुया मला टोचल्यात की तुम्हाला?"

"गप्प पडा. बोललात की सुई हलते."

"तुम्ही चाललात की जमीन हलते, त्याचं काय?"

दवाखाना तिचा नव्हता, तिला ही सुयांची विद्या शिकवणाऱ्या मास्तरांचा होता. खाली चष्म्यांचं दुकान, वर एक लांबट खोली, तिचे पडद्यांनी केलेले भाग, आणि मागे मास्तरांची राहायची खोली. बायको गेल्यापासून मास्तर तिथं एकटेच राहत. सकाळी मधलं दार उघडलं की दवाखाना सुरू आणि संध्याकाळी लोटलं की घर.

पूर्वी ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाला होती. दिवसभर मान खाली. शर्टांच्या पट्ट्या समोरून सरकत यायच्या आणि ती काजं करत सुटायची. एका हिवाळ्यात मान अशी आखडली, की हाक मारणाऱ्याकडे बघायला सगळं अंग वळवावं लागे. कुणीतरी मास्तरांचं नाव सांगितलं. मास्तरांनी आधी जीभ बघितली, मग मनगटावर तीन बोटं ओळीनं ठेवली, हलकेच, मग जरा दाबून. बराच वेळ बोटं तिथंच राहिली. तिला तेवढ्यातही चैन पडेना.

"काय सांगते नाडी?"

"पळतेय."

"कुठं?"

"ते तुम्हीच सांगा. तुमची आहे."

त्यांनी तिचं नाव त्या दिवशीच पाडलं, भिंगरी. मान सुटली तरी ती येत राहिली. सुया हलक्या हातानं कशा बसतात, एवढ्या केसासारख्या बारीक सुईला धार कशी राहते, हाताच्या पंज्यात टोचली तर डोकेदुखी कशी उतरते, हे सगळं तिला विचारायचं असे. शेवटी मास्तर म्हणाले, "हातात सुई तर आहेच तुमच्या. फक्त कापड बदला."

घडी घातलेल्या वर्तमानपत्रापासून शिक्षण सुरू झालं. गठ्ठ्यातून सुई न वाकता गेली पाहिजे. मग दोऱ्यानं आवळलेला कापसाचा गोळा. मग स्वतःची पोटरी. मास्तर मध्येच बोलत, बहुतेक वेळा हात धुताना.

"अंगात वाटा आहेत. त्या वाटांनी 'ची' चालते, अंगातली शक्ती. ती अडली की दुखतं. आपण वाट मोकळी करायची, बाकी काही नाही."

"पण 'ची' म्हणजे नक्की काय?"

"मला धरून दाखवता येणार नाही. वारा येतो का धरून दाखवता? पडदा हलला की कळतो."

यिन आणि यांग या अंगातल्या जोडीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "एक निजतं तेव्हा दुसरं जागं असतं. दोन्ही जागी राहिली की तुमच्यासारखं होतं."

सगळ्यात अवघड होतं ते सुई आत गेल्यानंतरचं. सुई टोचणं हे काम नव्हेच, असं मास्तरांचं म्हणणं. ती आत गेली की थांबायचं. काही वेळानं रुग्णाला तिथं जडसं वाटतं, दुखरं, आतल्या आत पसरणारं, आणि त्याच क्षणी सुई धरलेल्या बोटांनाही कळतं. आतापर्यंत मोकळी असलेली सुई जरा धरल्यासारखी होते. याला ते 'आली' म्हणत. तिला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा ती ओरडलीच, "अहो, दोरा बसला!" काज शिवताना टाका ओढला की दोरा कापडात बसतो, तो बोटांना कळतो, डोळ्यांना नाही. अगदी तसंच होतं ते. मास्तर खूश झाले होते. ती रीतसर परीक्षा पास झाली तेव्हासुद्धा ते एवढे खूश झाले नाहीत.

पण थांबणं हे काही तिच्या हातात टिकलं नाही. रुग्ण वाढले तशी ती सुई लावता लावताच विचारायची, "आली का?" आणि रुग्णांनाही कळून चुकलं होतं, की 'आली' म्हटलं की काकू पुढच्या पडद्याकडे जातात आणि आपल्याला निवांत डुलकी काढता येते. किराणावाले तर सुई बाहेरच असताना म्हणायचे, "आली, आली. या तुम्ही." तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण तिला पुढं जायचंच असायचं.

मग एका सकाळी मधलं दार उघडलंच नाही. मास्तर पलंगाशी खाली बसलेले सापडले. एक बाही घातलेली, दुसरी लोंबती. इस्पितळातून परत आले ते अर्धे होऊन. उजवा पाय ओढत चालता येई, तोंडातून एकेक शब्द उशिरानं निघे, आणि उजवा हात मुठीसारखा आवळून छातीशी पडून राही. सकाळी व्यायाम करवून घेणारी बाई यायची. दुपारी ही सुया लावायची.

मास्तरांची लेक दुसऱ्या गावी होती. दर रविवारी येई ती भरलेले डबे घेऊन आणि जाई ती काळजी घेऊन. एका रविवारी तिनं बॅग खाली ठेवता ठेवताच भिंगरीपाशी विषय काढला.

"ताई, मी त्यांना घेऊन जाते."

"इथं," मास्तर म्हणाले. मग बराच वेळ शोधून त्यांनी दुसरा शब्द काढला. "माझं."

"बाबा, इथं रात्री पडलात तर कोण आहे? दाराची कडी कोण काढणार? घास, कपडे, सगळं एका हातानं?"

"हात येतोय," भिंगरी मध्येच म्हणाली. "अंगठा हलायला लागलाय. जरा कळ काढा."

लेक त्यांच्या आवळलेल्या मुठीकडे बघत राहिली. "बरं. पुढच्या रविवारी उजव्या हातानं शर्टाची बटणं लावून दाखवा. तेवढं जमलं तर मी म्हणेन हात परत येतोय, राहा. नाही जमलं तर गाडी घेऊनच येणार आहे मी."

मास्तरांनी मान हलवली. कबूल.

तो आठवडा भिंगरीनं पायाला चाकं लावून काढला. कोपराच्या घडीत, मनगटाच्या मागे, बोटांच्या खाचांत, डोक्याच्या कडेला, जिथं जिथं सांगितलं जातं तिथं तिथं सुया. एरवीपेक्षा जास्त, एरवीपेक्षा जोरात फिरवलेल्या. दर सुईला विचारायची, "आली का, मास्तर?"

मास्तर मान हलवून नाही म्हणत. या बाबतीत त्यांना भीडभाड कधीच नव्हती.

"येईल, येईल," म्हणत ती दुसरी सुई काढी. बाहेर किराणावाले खोकून आपण आल्याची वर्दी देत असत.

"थांबा," मास्तर म्हणत.

"थांबायला वेळ कुठंय? रविवार आलाय डोक्यावर!"

घरी नवरा म्हणाला, "अगं, भाकरी तव्यावर टाकलीस का हवेत?" तिनं ऐकलं नाही. झोपेतही तिची बोटं चादरीवर चिमटीत काहीतरी फिरवत होती, हे त्यानंच तिला सकाळी सांगितलं.

गुरुवारी दुपारी अंगठा जसा होता तसाच होता. बटणावर टेकायचा, ढकलायचा, आणि काजाच्या कडेला अडकून घसरायचा. मास्तर दमून झोपले. शर्ट खुर्चीच्या पाठीवर होता. तिनं सहज काज बोटावर ताणून बघितलं. जुनं, नीट, घट्ट काज. कपाटातलं ब्लेड तिनं कधी घेतलं हे तिलाही कळलं नाही. कडेचे टाके उसवले, काज दोन्ही टोकांना वाढवलं आणि नव्या दोऱ्यानं कडा बांधली. एक झालं, दुसरं झालं. हात काही विसरले नव्हते. तळापर्यंतची सगळी झाली तेव्हा मास्तरांनी कूस बदलली. तिनं शर्ट झटकून पुन्हा खुर्चीवर टाकला आणि किती वेळ नुसती खिडकीशी जा-ये केली.

रविवारी लेक आली. खाली गाडी उभीच ठेवली होती. मास्तर पलंगाच्या कडेला बसले. भिंगरी दाराच्या चौकटीत उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

मास्तरांनी डाव्या हातानं पट्टी धरली. उजवी मूठ हळूहळू वर आली. अंगठा बटणावर टेकला, ढकललं, आणि बटण टुणकन आत गेलं.

दुसरं बटण. तिसरं. मास्तरांच्या कपाळावर आठी पडली होती, पण बटणं जात होती. शेवटचं गेलं तेव्हा लेकीनं पदर डोळ्यांना लावला. "बाबा..."

"पाणी," मास्तर म्हणाले, आणि पेल्यासाठी पुढं वाकले.

पहिलं बटण सुटलं. त्यांनी पेला तोंडाला लावला, दुसरं सुटलं. पेला खाली ठेवेपर्यंत तिसरंही, आणि मग उरलेली एकापाठोपाठ एक, कुणी हात न लावता. शर्ट दोन बाजूंना उघडला आणि मास्तर बनियनवर बसून राहिले.

लेकीनं पट्टी उचलून जवळ धरली. जुन्या पिवळट कापडावर नवा पांढराशुभ्र दोरा होता. तिला काही विचारावं लागलं नाही.

"मी केलं," भिंगरी म्हणाली. "त्यांना माहीत नव्हतं."

"ताई, मला फसवून काय मिळणार होतं तुम्हाला? पडले असते ना ते इथं एकटे."

आणि मग एक आवाज आला, तो कसला हे आधी दोघींनाही कळेना. मास्तर हसत होते. अर्ध्या चेहऱ्यानं, खांदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आजारपणानंतर पहिल्यांदाच. हसणं ओसरलं तसं त्यांनी समोरच्या स्टुलाकडे बोट केलं. ती बसली. त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. हलकेच, मग जरा दाबून.

"पळतेय," ते म्हणाले.

"मग पळणार नाही तर काय? तुम्ही चाललात ना इथून!" ती उसळून म्हणाली. "रोज इतक्या सुया लावल्या. एकदासुद्धा 'आली' म्हणाला नाहीत. एकदा तरी म्हणायचं होतं!"

मास्तरांनी तिच्या खिशातल्या पाकिटाकडे हात केला. तिनं सुई काढून दिली. स्पिरिटचा बोळा तिनंच फिरवला. त्यांनी तिचा पंजा आपल्या मांडीवर ठेवला, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या मांसल जागेवर सुई आत बसवलेली बारीक नळी टेकवली. नळी दोन बोटांत, आणि त्याच हाताचं मोकळं बोट वर. टिचकी मारली. नळी काढली. सुई जागच्या जागी उभी होती.

"आली," ती सवयीनं म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. नाही.

सुई त्यांच्या चिमटीत तशीच राहिली. ते ती फिरवत नव्हते, दाबत नव्हते. खाली गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. भिंगरीचा गुडघा हलायला लागला, तशी त्यांनी आपली आवळलेली उजवी मूठ त्यावर ठेवली. जड होती ती. गुडघा थांबला. पुन्हा हॉर्न. लेक खिडकीशी गेली, खाली हात करून परत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दूध तापायला ठेवून कुणी शेजारी उभं राहावं तसं मास्तर सुईकडे बघत होते.

मग पंज्यात आत कुठंतरी काही भरल्यासारखं झालं. जड, दुखरं. मनगटाकडे सरकलं, कोपरापर्यंत गेलं. ती काहीच बोलली नाही. मास्तरांनी तिच्या तोंडाकडे न बघताच मान डोलावली. त्यांच्या बोटांना कळलं होतं.

"अशी," ते म्हणाले.

आठवडाभर त्यांच्या हातात एवढ्या सुया गेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीपाशीही ती इतका वेळ थांबली नव्हती.

सुई निघाल्यावर ती उठली. "शर्ट द्या," म्हणाली. "असा सुटा घालून पाठवणार नाही मी तुम्हाला."

लेक म्हणाली, "राहू द्या ताई, गाडी खोळंबलीय."

"खोळंबू दे."

मास्तर बनियनवर बसून राहिले. तिनं नवा दोरा उसवला, काजं पुन्हा जुन्या मापाला आणली, एकेक टाका ओढून, तो बसला हे बोटांना कळेपर्यंत थांबून. लेक आधी उभी होती, मग पलंगावर वडिलांशेजारी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तिकडेही सुया लावणारं कुणीतरी बघते मी, बाबा."

"भिंगरी," मास्तर म्हणाले.

"त्या इतक्या लांब कशा येणार?"

"येते मी," भिंगरी टाक्यावरची नजर न काढता म्हणाली. "रविवारी. डबे घेऊन येते आणि काळजी घेऊन परत जाते, तुमच्यासारखी."

लेकीला हसू आवरलं नाही. बटणं तिनंच लावली. वरचं एक मास्तरांनी लावू दिलं नाही. जिना उतरताना त्यांचा उजवा अंगठा त्या बटणावर होता, ढकलत, घसरत, पुन्हा ढकलत. गाडी वळेपर्यंत बटण काही आत गेलं नव्हतं.

सोमवारी मधलं दार लोटलेलं होतं. किराणावाले शर्ट वर करून पालथे पडले. तिनं कमरेशी सुई लावली.

"आली, आली," ते उशीत तोंड खुपसून म्हणाले. "जा तुम्ही."

"अजून नाही आली," ती म्हणाली. सुई तिच्या चिमटीत होती.

किराणावाल्यांनी चपलांच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. शेवटी त्यांनी मान वळवून बघितलं.

"काकू, बरं आहे ना तुम्हाला?"

"गप्प पडा," ती म्हणाली, आणि स्टूल जवळ ओढून बसली.