कुठल्याच कागदावर

वकिलीची सनद मिळाली तेव्हा माझ्या शिक्षकांनी मला एका जुन्या काळच्या अमेरिकन वकिलाचं चरित्र भेट दिलं. हा शेतकऱ्याचा मुलगा कॉलेजचं तोंडही न पाहता दुसऱ्या वकिलाच्या कचेरीत नकला करकरून कायदा शिकला, घोड्यावरून गावोगावची कोर्टं फिरला आणि निव्वळ भाषणांच्या जोरावर विधिमंडळात जाऊन बसला. ते पुस्तक माझ्या डोक्यात असं काही भिनलं की मी आरशासमोर हात उंचावून बोलायचो. घोडा नव्हता, सायकल होती.

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. पिंपरीच्या आसपास कारखान्यांसाठी जमिनी जाऊ लागल्या होत्या. पवनेकाठच्या आमच्या गावालाही नोटीस आली. महिन्याच्या आत लेखी हरकत दिली, तर प्रांतसाहेब म्हणणं ऐकून घेणार होते. गावात शिकलेला वकील मी एकटाच.

देवळात सभा भरली. मी तासभर बोललो. टाळ्या पडत गेल्या तसा चढत गेलो. सरकारी माणूस काहीतरी लिहून नेईल या भीतीने शेवटी गरजलो, ‘‘कुठल्याच कागदावर अंगठा उठवायचा नाही!’’ थोरले चुलते उठले आणि त्यांनी देवापुढचा बेलभंडार उचलला. त्यांच्यामागून साऱ्या गावाने उचलला. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ आमच्याकडे मोडत नाहीत. मला तर तेव्हा विधिमंडळातली माझी खुर्चीच दिसत होती.

आठवड्याने हरकतीचा अर्ज आणि वकीलपत्र तयार करून मी शाई घेऊन घरोघर फिरलो. कुणीही अंगठा दिला नाही. आमच्या घरची जमीन चुलत्यांच्या नावावर होती. त्यांच्यापुढे बसून मी कायदा समजावला.

‘‘समदं खरं असंल,’’ ते म्हणाले. ‘‘पर कुठल्याच कागदावर न्हाई, आसं तूच म्हणलास न्हवं?’’

‘‘मी सरकारी कागदाबद्दल बोललो होतो!’’

‘‘देवापुढं तसं बोल्ला न्हाईस.’’

मी चिडलो, रडलो, त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवून बसवलं आणि जेवायला वाढायला सांगितलं. महिना उलटला. एकही हरकत नाही, अशी नोंद झाली आणि जमीन गेली. हरकत दिली असती तर जमीन वाचलीच असती, असं मी छातीठोक सांगत नाही. पण गावकरी निदान भांडून हरले असते. मी त्यांना तेवढंही करू दिलं नाही.

पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. मी नको नको म्हणत असताना गावाने मला बिनविरोध निवडून दिलं आणि सरपंच केलं. लोकांनी आनंदाने हार आणले. माझ्या गळ्यात पहिला हार चुलत्यांनी घातला. एव्हाना ते एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी करत होते.

‘‘मला शिव्या तरी द्या,’’ मी हळूच म्हणालो.

‘‘कशापायी?’’ त्यांना खरंच कळलं नव्हतं. ‘‘तू सांगितलंस तसंच तर आमी केलं.’’

आणि माझा हात धरून त्यांनी मला खुर्चीपर्यंत नेलं.