ओढ्यापलीकडच्या पाट्या

एल्डन स्विहार्टला मतमोजणीच्या ऑफिसातून आतली खबर लागते, असं आमच्या गावात बोललं जातं. साफ खोटं. खात्रीनं सांगते, कारण ही अफवा मीच उठवली होती.

एल्डन म्हणजे माझा शेजारी, टपाल वाटून निवृत्त झालेला म्हातारा. वॉशिंग्टनला प्रतिनिधी पाठवायची निवडणूक आली की हा जुना ट्रक काढतो आणि घरांपुढच्या हिरवळीवर रोवलेल्या प्रचाराच्या पाट्या मोजत फिरतो. निळी दिसली की डेमोक्रॅट, लाल दिसली की रिपब्लिकन. नावं वाचायला थांबत नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय हे कबूल कोण करणार? मग वॉनिटाच्या डायनरमध्ये, खिडकीजवळच्या स्टुलावरून निकाल सांगतो. सलग सहा निवडणुका बरोबर.

बायको गेल्यापासून ते स्टूलच त्याचं घर. "काय एल्डन, कोण येतंय?" म्हणत कुणीतरी शेजारी टेकतं, चार शब्द होतात. यंदा त्यानं "डेमोक्रॅट! लिहून ठेवा!" म्हणत काउंटर बडवला, कॉफी सांडली, आणि वॉनिटा कावली.

"चुकलास तर स्टूल सोडायचं. मागे फ्रीजशेजारी बसायचं, भिंतीकडे तोंड करून."

"कबूल!"

मतदानाच्या दोन दिवस आधी माझ्या बहिणीचा फोन. ती ओढ्यापलीकडे राहते. "अगं, तुझा तो म्हातारा माझ्या दारातली पाटी मोजून गेला. ती आमच्या उमेदवाराची आहे! मतदारसंघाची रेघ बदलल्यापासून आम्ही तुमच्यात नाहीच."

मी नवा नकाशा घेऊन गेले. एल्डननं तो नाकाला लावून पाहिला आणि पायरीवर बसला.

"एकसष्ट निळ्या पाट्या गेल्या. लाल नऊच गेल्या. म्हणजे रिपब्लिकन येतोय."

"गप्प बसा हो. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

सोमवारी भरल्या डायनरमध्ये त्यानं चूक सांगितली. जो तो हसला. "आदल्या दिवशी बेडूकउडी!" वॉनिटा म्हणाली. "बरं, दुरुस्ती घेते. पण पैज तीच."

मंगळवारी मत देऊन आला तो थेट घरात. दिवसभर पडदा सरकला नाही. मी दोनदा सूप नेलं, दोनदा तसंच परत आणलं.

बुधवारी सकाळी डायनरच्या रेडिओनं सांगितलं: रिपब्लिकन, चारशे मतांनी. माझं मत दुसऱ्या पक्षाला, तरी जीव माझाच भांड्यात पडला. वॉनिटानं ते स्टूल पुसलं, पुढ्यात सफरचंद भरून भाजलेला गोड अ‍ॅपल-पाय ठेवला. भला मोठा तुकडा, न मागता. एल्डननं टोपी काढली, बसला, आणि इतका लांब श्वास सोडला की नॅपकिन उडाला.

मला राहवलं नाही. "काय हो एल्डन, तीन दिवसांत पक्ष बदललात की!"

तोंडातला घास चघळत तो म्हणाला, "बाई, मी कुठे काय बदललं? रेघ त्यांनी हलवली, मी फक्त ट्रक मागे वळवला."