दुसऱ्या नंबरचा डबा

कोथरूडच्या त्या सोसायटीत दर गणपतीत राजनंदिनीचा सत्कार व्हायचा. शाल, नारळ आणि अध्यक्ष सर्जेरावांचं जिद्दीवर वीस मिनिटांचं भाषण. लहानपणीच्या अपघातापासून ती व्हीलचेअरवर होती, एवढंच त्या भाषणात असायचं. खराडीतली नोकरी सांभाळून ती आठवड्यातले चार दिवस टेबल टेनिस खेळते, राज्य पातळीवर पदकं आणते, हे नेमकं राहून जायचं. घरात नऊ शाली साठल्या होत्या. एक तिने इस्त्रीच्या टेबलावर घातली होती.

यंदा तिने सोसायटीच्या टेबल टेनिस स्पर्धेत नाव दिलं. सर्जेराव गडबडले. "अहो, तुमचा सत्कार आहेच की."

"तो असू द्या. मला खेळायचंय."

आता लोक तरी काय एकेक असतात बघा. पहिल्या सामन्यात समोरच्या काकूंनी बॉल मुद्दाम जाळीत मारले, दुसऱ्यात तळमजल्यावरच्या भाऊंनीही तेच केलं. बिचारीचं मन कशाला मोडा, म्हणे! बिचारीचं टाळकं सरकलं होतं. लोकांच्या मायेवर ती थेट अंतिम सामन्यात पोचली आणि तिला त्याची लाज वाटत होती. एकदा तरी या माणसांनी आपल्याशी खरं खेळावं, एवढंच तिला हवं होतं.

अंतिम सामना शुभंकरशी होता. कॉलेजातला पोरगा, गेल्या वर्षीचा विजेता. त्यानेही पहिले तीन बॉल जाळीत घातले. टाळ्या पडल्या. राजनंदिनीने बॅट खाली ठेवली.

"काका, मी माघार घेते."

पंच होते बद्रीनाथकाका. गणिताचे निवृत्त शिक्षक, उभ्या हयातीत कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "कारण?"

"समोर कुणी खेळत नाहीये."

काकांनी चष्म्यावरून शुभंकरकडे पाहिलं. "खरंय. खेळायचं नसेल तर खाली जा. आरतीला टाळ वाजवायला माणसं कमी आहेत." आणि त्यांनी ते तीन गुण खोडून टाकले.

शुभंकरचे कान लाल झाले. पुढचा बॉल असा सणसणत आला, की राजनंदिनीची बॅट उचलायची राहिली. लोक हळहळले. तिला मात्र इतकं बरं वाटलं, की हसूच आलं. मग तिनेही जाळीलगत आखूड सर्व्हिस टाकून त्याला टेबलावर पालथा पाडला. सामना पाचव्या गेमपर्यंत ताणला गेला, दहा-दहा झाले, आणि शुभंकर जिंकला. भान विसरून मूठ उंचावत तो तिच्या तोंडावर ओरडला. त्याची आई अर्धमेली झाली.

"अरे, कुणासमोर ओरडतोयस?"

"ओरडू द्या हो," राजनंदिनी धापा टाकत म्हणाली. "घाम काढलाय मी त्याचा."

बक्षीस समारंभात सर्जेरावांनी सवयीने शालीची घडी मोडली. "शाल राहू द्या," ती म्हणाली. "दुसऱ्या नंबरचा डबा माझा आहे, तो द्या."

तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, झाकणावर सोसायटीचं नाव आणि साल कोरलेलं. आता तो रोज खराडीला जातो. ऑफिसात कुणी विचारलं, कशाबद्दल मिळाला, तर भाजीचा कप्पा पुढे सरकवत ती ऐटीत सांगते, "हरले म्हणून."