खालचा चेंडू खरा

धाकटी बहीण देशाकडून खेळायला लागली तेव्हा चोपड्याला आई-आबांच्या घरी मोठा टीव्ही आला, आणि आईने टीव्ही बघणं सोडलं. बहीण फलंदाजीला आली की आई मागच्या दारी भांडी घासत बसायची, घासलेलीच पुन्हा. मला ते तेव्हा अति वाटायचं.

त्या दुपारी मी पिंप्राळ्याला माझ्या घरी शाळेचे पेपर तपासत सामना बघत होते. चेंडू आखूड पडला, ती हूक मारायला गेली आणि हेल्मेटच्या फटीतून चेंडू आत घुसला. ती पडली नाही. बॅट खाली ठेवून, काहीतरी विसरल्यासारखी उभी राहिली. मग हातमोजा काढून तिने डाव्या डोळ्याखाली बोट लावलं. समालोचक बोलायचे थांबले. तेवढ्यात फोन वाजला. आबांचा होता.

"तू पाही राह्यनी का?" एवढंच त्यांनी विचारलं.

डोळ्याखालचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. समोरचं नीट दिसेल, पण वर बघताना एकाचे दोन दिसतील, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू कमी होईल. किती, ते त्यांनाही सांगता येईना.

ती चोपड्याच्या घरी आली. कपडे वाळत घालताना तिचा टॉवेल दोरी चुकून खाली पडायचा. ती उचलायची, झटकायची, पुन्हा टाकायची. आई खिडकीतून बघत असायची.

"बठ्ठं सोडी दे, बेटा," आबा एकदा जेवताना म्हणाले. ताटातली भाकरी संपवून ती म्हणाली, "खेळ सोडायचा तेव्हा मी सांगेन, आबा."

माझ्या शाळेला सुट्टी लागली आणि मीही तिकडे राहायला गेले. आमच्या केळीच्या बागेशेजारी गाडी भरायच्या जागी सिमेंटचा कोबा होता. तिथे मी तिला रबरी चेंडू आपटून टाकायला लागले.

"दोन येतात," ती म्हणाली. "खालचा खरा. वरच्याकडे बघायचंच नाही."

बरेच दिवस तसं जमलं. मग एका सकाळी तिची बॅट रिकामी फिरली आणि चेंडू गळ्याजवळच्या हाडावर बसला. मी धावत गेले.

"आज वरचा खरा निघाला," ती शांतपणे म्हणाली. "टाक."

बागेत केळीची पानं एकमेकांवर घासत होती. मी पुढचा चेंडू हलक्या हाताने सोडला. तिला ते कळलं.

"अक्का, तिकडे कुणी हळू टाकणार नाही."

डोळ्यांचे व्यायाम चालू होते. सावकाश फरक पडला. नजर पूर्ण वर नेली तरच दोन दिसू लागले. संघाच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासून तिला खेळायची परवानगी दिली. तिने उभं राहायची पद्धत बदलली आणि हूक कायमचा सोडला. चेंडू आखूड दिसला की मान खाली घालायची, बसेल तो पाठीवर घ्यायचा. परतल्यावर पहिल्याच सामन्यात तिने पन्नाशी ओलांडली. टीव्हीवर तिच्या धाडसाचं कौतुक चाललं होतं. मला मात्र तिची झुकलेली मान दिसत होती. आखूड चेंडूकडे ती बघतच नव्हती.

पुढे शतकही झालं. आबांनी गल्लीत पेढे वाटले. गोलंदाजांनाही तिची सवय कळली होती. आल्या आल्या पहिले चेंडू आखूडच पडायचे.

परवा ती पिंप्राळ्याला आली होती. मी तिच्या पाठीला मलम लावत होते. खांद्यापासून कमरेपर्यंत हिरवेनिळे डाग होते, काही जुने, काही त्यांच्यावर पुन्हा उमटलेले.

"पुढच्या दौऱ्यावर खेळपट्ट्या कशा आहेत?"

"उसळत्या."

"मग?"

"मग काय, सवय आहे." "अक्का, या वेळी तू चोपड्याला जा. आईजवळ राहा."

"का गं?"

तिने सदरा खाली ओढला. "राहा फक्त."

मी रजा टाकली आहे. उद्या सकाळच्या एसटीने निघते.